जॉन डीअर

जॉन डीअर (जन्म : ७ फेब्रुवारी १८०४, रटलंड, व्हरमाँट; मृत्यू : १७ मे १८८६, मोलीन, इलिनॉय) हे अमेरिकेतील लोहार, नांगर-उत्पादक आणि उद्योजक होते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील चिकट, काळ्या जमिनीत माती न चिकटता चालणारा गुळगुळीत पोलादी नांगर त्यांनी इ.स. १८३७ मध्ये ग्रँड डीटूर या खेड्यात तयार केला. त्या खेड्यातील लोहारशाळेतून वाढत गेलेला व्यवसाय १८६८ मध्ये ‘डीअर अँड कंपनी’ या नावाने नोंदला गेला. शेती-अवजारे आणि ट्रॅक्टर बनविणारी ही कंपनी आज जगभर ‘जॉन डीअर’ या नावाने ओळखली जाते.

डीअर यांना पोलादी नांगराचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि पोलादाचा नांगर त्यांच्यापूर्वीही बनविला गेला होता, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते. त्यांचे वेगळेपण एखाद्या शोधापेक्षा त्या शोधाचा धंदा उभा करण्यात अधिक आहे. गिऱ्हाईक शेतकऱ्याची अडचण समजून घेणे, वस्तू सतत सुधारत राहणे, मागणी येण्याची वाट न पाहता माल तयार ठेवणे आणि तो शेताच्या बांधापर्यंत नेऊन विकणे, या गोष्टी त्यांनी एका लहान गावात राहून साधल्या.

बालपण आणि उमेदवारी

जॉन यांचे वडील विल्यम डीअर शिंपीकाम करीत. जॉन चार वर्षांचे असताना, १८०८ मध्ये, विल्यम जहाजाने इंग्लंडला जाण्यास निघाले. त्यानंतर ते परतले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले याचा उलगडा कुटुंबाला झाला नाही. आई सेरा यांनी शिवणकाम करून मुलांना वाढविले. कुटुंब त्या वेळी व्हरमाँटमधीलच मिडलबरी या गावी राहत होते. जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२१ मध्ये, ते मिडलबरीतील कॅप्टन बेंजामिन लॉरेन्स यांच्या लोहारशाळेत उमेदवार म्हणून दाखल झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे उमेदवार मालकाच्या घरी राहून, जुजबी मोबदल्यावर धंदा शिकत असे. चार वर्षांची उमेदवारी संपवून ते स्वतंत्र कारागीर झाले. त्यांचे काम नेटके असे. गवत उचलण्याची दाताळी आणि फावडी ते घासूनपुसून इतकी गुळगुळीत करीत की त्यांना गवत वा माती अडकून राहत नसे. या कामामुळे त्यांचे नाव आसपासच्या शेतकऱ्यांत झाले. पृष्ठभाग झिलईदार करण्याची ही सवय पुढे त्यांच्या मुख्य उत्पादनाचा पाया ठरली.

२८ जानेवारी १८२७ रोजी त्यांचा विवाह डिमेरियस लँब यांच्याशी झाला. या दांपत्याला एकूण नऊ अपत्ये झाली.

आगी, कर्ज आणि स्थलांतर

लग्नानंतरची दहा वर्षे डीअर यांना फार ओढाताणीची गेली. कर्ज काढून त्यांनी लिस्टर या गावी चार रस्त्यांच्या तिठ्यावर स्वतःची लोहारशाळा उभारली. ती आगीत जळाली. पुन्हा उभारली, तीही जळाली. त्यानंतर काही काळ ते दुसऱ्यांकडे मजुरीने काम करीत होते. पुढे हँकॉक येथे त्यांनी आणखी एकदा दुकान थाटले. मात्र जुनी देणी फिटत नव्हती. १८३० च्या दशकात व्हरमाँटची अर्थव्यवस्थाही मंदावली होती. डोंगराळ, खडकाळ जमिनीवरची शेती सोडून अनेक कुटुंबे पश्चिमेकडे निघाली होती. गिऱ्हाईकच गाव सोडून गेल्यावर लोहाराला काम कोठून मिळणार, अशी स्थिती होती.

१८३६ मध्ये एका सावकाराने थकलेल्या रकमेसाठी डीअर यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. कर्ज न फेडणाऱ्यास त्या काळी व्हरमाँटमध्ये तुरुंगवासही होऊ शकत असे. डीअर यांनी आपले दुकान सासऱ्यांना विकले. पत्नी आणि मुलांना तेथेच ठेवून, हत्यारांची पेटी आणि थोडी रोकड घेऊन ते इलिनॉयकडे निघाले. त्यांच्याजवळ सुमारे ७३ डॉलर होते, असे सांगितले जाते. डिमेरियस त्या वेळी गरोदर होत्या. पुढे कंपनीचा कारभार ज्यांनी जवळजवळ अर्धशतक सांभाळला, त्या चार्ल्स या मुलाचा जन्म मार्च १८३७ मध्ये वडिलांच्या अनुपस्थितीत झाला.

यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांत अशा प्रसंगांना साहसाचे रूप दिले जाते. प्रत्यक्षात हे स्थलांतर कर्जबाजारी झालेल्या एका कारागिराने केलेले पलायन होते. सीमेवरच्या नव्या वसाहतींत अशी माणसे पुष्कळ होती. पूर्वेकडे पत गमावलेल्या माणसाला पश्चिमेकडे ती पुन्हा मिळविता येत असे, ही त्या समाजाची एक महत्त्वाची बाजू होती.

ग्रँड डीटूर

रॉक नदी जेथे मोठे वळण घेते, तेथे ग्रँड डीटूर हे खेडे नुकतेच वसत होते. ते वसविणारे लिओनार्ड अँड्रस हेही मूळचे व्हरमाँटचे होते, आणि व्हरमाँटमधील आणखी काही कुटुंबे तेथे येऊन राहिली होती. डीअर यांनी हे ठिकाण निवडण्यामागे आपल्या मुलखातील माणसांचा आधार हे मुख्य कारण होते.

गावात लोहार नव्हता. अँड्रस यांच्या लाकूड कापण्याच्या गिरणीचा लोखंडी दांडा तुटून ती बंद पडली होती. डीअर यांनी येताच तो सांधून दिला, अशी हकीकत सांगितली जाते. नांगराचे फाळ शेवटणे, घोड्यांना नाल मारणे, तुटलेल्या गाड्या दुरुस्त करणे, साखळ्या आणि बिजागऱ्या घडविणे अशी कामे त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून येऊ लागली. १८३८ मध्ये डिमेरियस मुलांसह तेथे आल्या. चार्ल्स तेव्हा सुमारे दीड वर्षाचा होता.

या वसाहतींना एक पूर्वइतिहास होता. रॉक नदी जेथे मिसिसिपीला मिळते, तेथे साउक लोकांचे सॉकेनक हे मोठे गाव होते, आणि त्या गावातील स्त्रिया शेकडो एकरांवर मक्याची शेती करीत. १८३२ मधील ब्लॅक हॉक युद्धानंतर साउक आणि मेस्क्वाकी लोकांना मिसिसिपीच्या पश्चिमेस कायमचे हटविण्यात आले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी डीअर तेथे पोहोचले. त्यांच्या गिऱ्हाइकांना मिळालेली स्वस्त जमीन ही या विस्थापनाचा परिणाम होती.

चिकट मातीचा प्रश्न

इलिनॉयच्या प्रेअरी या गवताळ प्रदेशातील माती हिमयुगातील गाळ आणि वाऱ्याने आणलेल्या बारीक कणांची बनलेली होती. पुरुषभर उंच गवतांच्या मुळांनी हजारो वर्षे तिच्यात सेंद्रिय द्रव्य साठविले होते. ही जमीन अत्यंत कसदार, काळी आणि ओली असताना चिकट होती.

ही जमीन लागवडीखाली आणताना शेतकऱ्यापुढे दोन वेगवेगळ्या अडचणी येत. पहिली अडचण गवताचे घट्ट आवरण फोडण्याची होती. त्यासाठी बैलांच्या अनेक जोड्या लावून ओढावे लागणारे अवजड नांगर वापरले जात, आणि ते काम बहुधा मोबदला घेऊन करणारे लोक करीत. दुसरी अडचण त्यानंतर, एकदा फोडलेली जमीन दरवर्षी नांगरताना येई. मुळांची जाळी कुजल्यावर मोकळी झालेली माती नांगराच्या पत्र्याला लेपासारखी चिकटे. पूर्वेकडून आणलेले ओतीव लोखंडाचे किंवा लोखंडी पट्ट्या ठोकलेले लाकडी नांगर तिकडच्या हलक्या, रेताड जमिनीसाठी बनविलेले होते. त्यांच्या खरखरीत पृष्ठभागावर काळ्या मातीचे थर चढत. शेतकऱ्याला दर थोड्या पावलांवर बैल थांबवून लाकडी फळीने माती खरवडून काढावी लागे. एका तासाला लागणारा वेळ त्यामुळे कितीतरी वाढे. जमीन कसदार असूनही ती सोडून परत जाण्याचा विचार काही शेतकरी करू लागले होते.

डीअर यांच्या दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या नांगरांबरोबर ही तक्रारही येत असे. त्यांचे उत्तर या दुसऱ्या अडचणीवरचे होते. पहिले आवरण फोडण्याचे काम त्यांच्या नांगराने केले, असा पुष्कळदा समज होतो. तो बरोबर नाही.

१८३७ चा नांगर

लाकूड कापण्याच्या गिरणीतील करवतीचे तुटलेले पोलादी पाते डीअर यांना मिळाले. सततच्या घर्षणाने ते आरशासारखे चकचकीत झाले होते. दाते तोडून टाकून, पाते तापवून आणि लाकडी साच्यावर ठोकून त्यांनी त्याला वाक दिला आणि नांगराला बसविले. पृष्ठभाग गुळगुळीत आणि वाक योग्य असल्यामुळे पुढे सरकणाऱ्या मातीच्या दाबानेच आधीची माती घसरून जाई आणि नांगर आपोआप स्वच्छ राही. जमिनीत योग्य रीतीने चालणाऱ्या अशा नांगराचा एक विशिष्ट आवाज येत असे. त्यावरून पुढे त्याला गाणारा नांगर असेही म्हटले जाऊ लागले.

१८३८ मध्ये डीअर यांनी बनविलेला एक नांगर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेला आहे. त्याच्या तांत्रिक अभ्यासातून असे दिसून आले की त्याचा फाळ पोलादाचा असून माती उलटणारा वक्र पत्रा घडीव लोखंडाचा, समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा आणि घासून गुळगुळीत केलेला आहे. पोलाद दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे ते केवळ धारेपुरते वापरले गेले असावे. म्हणजे सुरुवातीच्या नांगरांचे यश धातूइतकेच त्यांच्या आकारावर आणि झिलईवर अवलंबून होते.

इलिनॉयमधीलच जॉन लेन या लोहारांनी १८३३ मध्ये करवतीच्या पोलादी पात्यांपासून नांगर बनविला होता. त्यांनी किंवा डीअर यांनी या नांगराचे एकस्व घेतले नाही. त्यामुळे पहिल्या शोधाचा मान डीअर यांना देणे योग्य ठरत नाही. एकाच अडचणीशी झगडणारे अनेक लोहार एकाच सुमारास सारख्याच उत्तराकडे वळले होते, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

धंद्याची वाढ

ग्रँड डीटूरमधील सुरुवातीची वर्षे संथ होती. १८३८ मध्ये दोन-तीन, १८३९ मध्ये सुमारे १०, १८४० मध्ये ४०, १८४१ मध्ये ७५ आणि १८४२ मध्ये १०० नांगर तयार झाल्याचे आकडे सांगितले जातात. या काळात नांगर हे लोहारशाळेतील अनेक कामांपैकी एक होते. रोजचा खर्च किरकोळ दुरुस्तीवर चाले.

त्या काळी लोहार गिऱ्हाइकाने सांगितल्यावर अवजार घडवून देत असे. डीअर यांनी मागणी नसतानाही नांगर तयार करून ठेवण्यास सुरुवात केली. तयार नांगर गाडीत घालून ते शेतकऱ्यांकडे नेत आणि त्यांच्याच जमिनीत चालवून दाखवीत. शेतकऱ्याच्या हाती पैसा पीक विकल्यावरच येत असल्यामुळे उधारीशिवाय विक्री होत नसे. १८३७ च्या आर्थिक मंदीनंतर चलनाचा तुटवडाही होता. स्वतः कर्जामुळे गाव सोडावा लागलेल्या या कारागिराचा नवा धंदा अशा रीतीने दुसऱ्यांना दिलेल्या उधारीवरच उभा होता.

१८४३ मध्ये डीअर यांनी लिओनार्ड अँड्रस यांच्याशी भागीदारी केली. भांडवल आल्यामुळे वाफेवर चालणारा कारखाना उभा राहिला. जुन्या करवतींचा पुरवठा अपुरा पडू लागल्याने त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथून खास मापाचे पोलाद मागविले. अटलांटिक महासागर आणि मिसिसिपी व इलिनॉय या नद्या ओलांडून आलेला हा माल शेवटी गाडीवाटेने खेड्यात पोहोचला. इतक्या लांबच्या वाहतुकीचा खर्च परवडणारा नव्हता. १८४६ मध्ये पिट्सबर्ग येथे नांगरासाठी योग्य असे पोलाद त्यांच्यासाठी तयार करण्यात आले आणि परदेशी मालावरचे अवलंबन कमी झाले.

मोलीन

ग्रँड डीटूरच्या मर्यादा आता स्पष्ट होऊ लागल्या होत्या. रॉक नदीतून मोठ्या प्रमाणावर माल नेणे कठीण होते आणि गावाला रेल्वेमार्ग नव्हता. अँड्रस यांना गाव सोडायचे नव्हते, कारण ते त्यांनीच वसविलेले होते. १८४८ मध्ये भागीदारी संपवून डीअर मिसिसिपीच्या काठावरील मोलीन येथे गेले. तेथे बंधाऱ्यामुळे जलशक्ती मिळत होती, जवळपास कोळसा होता आणि आगबोटींनी माल दूरवर पाठविता येत होता.

मोलीनमध्ये रॉबर्ट टेट आणि जॉन गोल्ड हे त्यांचे नवे भागीदार होते. टेट यांत्रिक कामात निष्णात होते, तर गोल्ड हिशेब पाहत. १८४९ मध्ये सुमारे १६ कामगारांनी २,१३६ नांगर तयार केले. पुढे टेट आणि डीअर यांच्यात मतभेद झाले. डीअर नांगराच्या रचनेत सतत बदल करीत असल्यामुळे उत्पादन अडखळते आणि खर्च वाढतो, अशी टेट यांची तक्रार होती. जे बनते ते शेतकऱ्यांनी घ्यावे, असे त्यांना वाटे. आपण सुधारणा केली नाही तर दुसरा कोणी करील आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, अशी डीअर यांची भूमिका होती. १८५२ मध्ये ही भागीदारी संपुष्टात आली आणि डीअर एकटे मालक झाले.

ग्रँड डीटूरमध्ये अँड्रस यांनी नांगरांचा व्यवसाय चालू ठेवला. तो नंतर शेजारच्या डिक्सन येथे हलविण्यात आला. रेल्वे दुसरीकडून गेल्यामुळे ग्रँड डीटूर मात्र खेडेच राहिले.

आर्थिक संकट आणि चार्ल्स डीअर

डीअर यांचा मोठा मुलगा फ्रान्सिस अल्बर्ट १८४८ मध्ये वारला. त्यामुळे चार्ल्स हा वारस उरला. व्यापारी शिक्षण घेऊन तो १८५३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हिशेबनीस म्हणून कारखान्यात आला.

१८५७ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. धान्याचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, आणि शेतकऱ्यांकडील उधारी वसूल होईना. कारखान्यात माल भरपूर तयार होत होता, पण पोलादाचे पैसे आणि बँकांची देणी भागविण्यास रोकड नव्हती. वीस वर्षांपूर्वी व्हरमाँटमध्ये जे घडले त्याची पुनरावृत्ती होण्याची भीती होती. या काळात मालमत्तेचे आणि मालकीचे अनेक फेरफार करून धंदा वाचविण्यात आला. १८५८ मध्ये दैनंदिन कारभार एकवीस वर्षांच्या चार्ल्सकडे सोपविण्यात आला. जॉन नाममात्र प्रमुख राहिले आणि नांगरांच्या सुधारणेकडे लक्ष देऊ लागले.

पित्याने निर्माण केलेल्या वस्तूला पुत्राने संघटना दिली. चार्ल्स यांनी विक्रीसाठी ठिकठिकाणी शाखा उघडल्या आणि हिशेबाची शिस्त बसविली. १८६३ मध्ये कंपनीने शेतकऱ्याला बसून चालविता येणारे आंतरमशागतीचे अवजार बाजारात आणले. १८७५ मध्ये गिल्पिन मूर यांनी रचलेला बसून चालविण्याचा नांगर आला. १८६८ मध्ये ‘डीअर अँड कंपनी’ ही रीतसर नोंदली गेली. जॉन अध्यक्ष, चार्ल्स उपाध्यक्ष आणि जावई स्टीफन व्हीली चिटणीस झाले. १९०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चार्ल्स कंपनीशी एकनिष्ठ राहिले.

व्यापारचिन्हाचा दावा

मोलीनमध्येच नांगर बनविणाऱ्या कँडी, स्वॉन अँड कंपनी या प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या मालावर मोलीनचे नाव आणि डीअर यांच्या चिन्हांशी मिळतीजुळती चिन्हे वापरली. १८६७ मध्ये डीअर यांनी त्यांच्यावर दावा केला. खालच्या न्यायालयाचा निकाल डीअर यांच्या बाजूने लागला. परंतु इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गावाचे नाव ही कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही आणि त्या गावात माल बनविणारा कोणीही ते वापरू शकतो, असा निकालाचा आशय होता. गावाच्या नावाला बाजारात किंमत आणून देण्यात डीअर यांचा मोठा वाटा होता, तरी ते नाव त्यांना स्वतःसाठी राखता आले नाही. प्रतिस्पर्धी पुढे मोलीन प्लाउ कंपनी या नावाने प्रबळ झाले. उडी मारणारे हरीण हे चिन्ह डीअर यांच्या कंपनीने १८७६ मध्ये नोंदविले. ‘डीअर’ या आडनावाचा उच्चार हरणाला असलेल्या इंग्रजी शब्दासारखा असल्यामुळे ते निवडण्यात आले.

सार्वजनिक आणि कौटुंबिक जीवन

मोलीनच्या नागरी जीवनात डीअर यांचा सहभाग होता. गावातील बँक, सार्वजनिक ग्रंथालय आणि चर्च यांच्या कारभारात त्यांनी पदे सांभाळली. १८७३ ते १८७५ या काळात ते मोलीनचे महापौर होते. उघड्या गटारांच्या जागी नळ टाकणे, पादचारी मार्ग बांधणे आणि उद्यानासाठी जागा घेणे ही कामे त्यांच्या कारकिर्दीत झाली. लहान औद्योगिक गावांत कारखान्याचा मालक, बँकेचा प्रमुख आणि महापौर ही पदे एकाच व्यक्तीकडे किंवा कुटुंबाकडे असणे त्या काळी सामान्य होते. त्यामुळे गावाला सोयी मिळत; त्याबरोबरच गावाचे भवितव्य एका घराण्याच्या बऱ्यावाईटाशी बांधले जाई.

डिमेरियस यांचे १८६५ मध्ये निधन झाले. व्हरमाँटमधील संकटकाळात मुलांना सांभाळून घर चालविण्याचा भार त्यांनी उचलला होता. १८६६ मध्ये डीअर यांनी त्यांची बहीण लुसीनिया लँब यांच्याशी विवाह केला. १७ मे १८८६ रोजी मोलीन येथील ‘रेड क्लिफ’ या निवासस्थानी वयाच्या ८२ व्या वर्षी डीअर यांचे निधन झाले. तेथील रिव्हरसाइड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

डीअर यांनी ट्रॅक्टर पाहिला नाही. वॉटर्लू गॅसोलिन इंजिन कंपनी विकत घेऊन त्यांची कंपनी १९१८ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली, तेव्हा त्यांच्या निधनास ३२ वर्षे झाली होती.

मूल्यमापन

डीअर यांच्याविषयीच्या अनेक गोष्टी कंपनीच्या जाहिरातींतून आणि स्मृतिसमारंभांतून रूढ झाल्या आहेत. एका पात्यातून एका दिवसात घडलेला चमत्कार, असे त्यांच्या नांगराचे चित्र रंगविले जाते. पहिल्या नांगरानंतर वार्षिक उत्पादन शंभरावर जाण्यास पाच वर्षे लागली, हे आकडे त्यापेक्षा अधिक बोलके आहेत. त्या पाच वर्षांत त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याकडून नांगराविषयी काही ना काही ऐकले आणि पुढचा नांगर त्याप्रमाणे बदलला. मध्य-पश्चिमेतील मोठे उद्योग पुष्कळदा अशाच खेड्यांतील दुकानांतून उभे राहिले. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत असल्यामुळे दोष लपविता येत नसे, आणि उधारीचा व्यवहार त्या ओळखीवरच चाले.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. इलिनॉयला आजही प्रेअरी राज्य म्हटले जाते, परंतु मूळ गवताळ प्रदेश तेथे जवळजवळ नामशेष झाला आहे. त्याला एकटा नांगर कारणीभूत नव्हता. रेल्वे, पाणथळ जमिनींचा निचरा आणि धान्याचा वाढता बाजार यांनीही ते काम केले. तथापि मशागत सोपी झाल्यामुळे या बदलाला गती मिळाली, हे मान्य करावे लागते.

ग्रँड डीटूर येथे १९६२ मध्ये झालेल्या उत्खननात डीअर यांच्या मूळ लोहारशाळेची जागा सापडली. ती जागा आणि त्यांचे घर आता ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केले आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

लोखंडी नांगर स्वीकारण्याबाबत महाराष्ट्राचा अनुभव अमेरिकेशी काही बाबतीत जुळतो. ओतीव लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत अठराव्या शतकाच्या अखेरीस काही अमेरिकी शेतकऱ्यांत होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा त्यांनाही अशाच समजुतीला तोंड द्यावे लागले. लक्ष्मणरावांची सुरुवातही सायकलींच्या एका लहान दुकानातून झाली होती. १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसविली. दोघांच्या कार्यात थेट संबंध नव्हता. मात्र शेतकऱ्याचा विश्वास मिळेपर्यंत धीर धरण्याची गरज दोघांनाही भासली.

डीअर अँड कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना पुणे जिल्ह्यातील सणसवाडी येथे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लार्सन अँड टुब्रो या कंपनीच्या भागीदारीत त्याची सुरुवात झाली. ओली असताना चिकटणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी काळी जमीन महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. त्यामुळे ग्रँड डीटूरच्या लोहाराने ज्या अडचणीपासून आरंभ केला, ती समजून घेण्यास येथील वाचकाला फारसे सायास पडू नयेत.